हवेचा आकडा वाचायचा कसा? हवेतल्या प्रदूषकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आसपास हवेचा निर्देशांक बातम्यांत येतो आणि उन्हाळा लागला की दिसेनासा होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲपचे स्क्रीनशॉट फिरतात आणि त्यांच्याखाली तेच ते प्रश्न येतात. ते प्रश्न इथे घेतले आहेत. आकडा समोर आला की आधी तीन गोष्टी विचाराव्यात: हा कशाचा आकडा आहे, कुठे मोजला आणि किती तासांचा आहे. बहुतेक गोंधळ तेवढ्यानेच सुटतो. उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्रातली आहेत.

प्रदूषक म्हणून नेमकं काय काय मोजतात?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १८ नोव्हेंबर २००९ रोजी बारा घटकांची मानकं जाहीर केली. त्यात पीएम १० आणि पीएम २.५ हे दोन आकारांचे धूलिकण आहेत. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड आणि अमोनिया हे वायू आहेत. शिसं, आर्सेनिक आणि निकेल हे धातू, शिवाय बेंझीन आणि बेंझो-ए-पायरीन ही दोन सेंद्रिय रसायनं. कार्बन डायऑक्साइड या यादीत नाही, कारण मोकळ्या हवेत तो जेवढा असतो तेवढ्याने फुफ्फुसाला इजा होत नाही. त्याचा संबंध हवामानबदलाशी आहे आणि त्याची मोजणीही वेगळी चालते.

पीएम १० आणि पीएम २.५ यांत फरक फक्त आकाराचा आहे का?

नावं आकारावरून पडली आहेत. १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक ते पीएम १०, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक ते पीएम २.५. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. पीएम १० च्या आकड्यात पीएम २.५ धरलेलेच असतात, म्हणून दोन्ही आकड्यांची बेरीज करायची नसते.

खरा फरक उगमाचा आहे. काही दळल्यामुळे, फोडल्यामुळे, खणल्यामुळे किंवा टायरखाली चिरडल्यामुळे जे उडतं ते बहुतेक जाडसर असतं: रस्त्याची धूळ, सिमेंट, खडी क्रशरचा भुगा, खाणीतली माती. काही जळल्यामुळे जे तयार होतं ते बहुतेक बारीक असतं: डिझेलचा धूर, कोळसा, लाकूड, कचरा, फटाके. जाडसर कण नाकात आणि घशात बरेचसे अडतात. बारीक कण फुफ्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यातले सर्वांत बारीक रक्तातही उतरतात. म्हणूनच पीएम २.५ चा संबंध दम्याइतकाच हृदयविकाराशी आणि पक्षाघाताशी येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या हवेचं प्रदूषण कर्करोगकारक ठरवलं, आणि त्यात कणांचा वेगळा उल्लेख केला.

हे लक्षात आलं की दोन आकड्यांच्या गुणोत्तरावरून बरंच ओळखता येतं. एखाद्या मोजणी केंद्रावर दर घनमीटर हवेत पीएम १० १८० मायक्रोग्रॅम आणि पीएम २.५ ५० मायक्रोग्रॅम असेल, तर तिथे धूळ जास्त आहे, म्हणजे जवळ बांधकाम किंवा खराब रस्ता शोधावा. पीएम १० १८० आणि पीएम २.५ १२० असेल, तर काहीतरी जळतं आहे. ॲप उघडल्यावर निर्देशांकाच्या रंगाकडे बघण्याआधी हे दोन आकडे बघावेत असं मला आग्रहाने सांगावंसं वाटतं.

कुठेही धूर दिसत नाही, तरी पीएम २.५ वाढलेले कसे?

कारण सगळे कण धुराड्यातून कण म्हणून बाहेर पडत नाहीत. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं हवेत गेल्यावर त्यांची आम्लं होतात. ती अमोनियाशी जुळून अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट तयार होतं, आणि हे क्षार म्हणजे पीएम २.५ च असतात. ही प्रक्रिया काही तास ते काही दिवस चालते, तोवर वारा ते सगळं शेकडो किलोमीटर पुढे नेतो. नायट्रेट थंडीत जास्त टिकतं, हिवाळ्यातली हवा जड वाटण्यामागे तेही एक कारण आहे. म्हणून ‘आमच्या शहरात वायूंचे आकडे मर्यादेत आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नये. तेच वायू पुढच्या जिल्ह्यात कण होऊन उतरतात.

सल्फर डायऑक्साइड आपल्याकडे कुठून येतो?

मुख्यतः कोळशातून. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे, नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा आहेत. त्यापाठोपाठ तेलशुद्धीकरण कारखाने, जड इंधन तेलावर चालणारे बॉयलर आणि जहाजं. गाड्यांचा वाटा मात्र खूप कमी झाला आहे: १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं आणि पेट्रोल-डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दर दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आली. जहाजांच्या इंधनातही त्याच वर्षी जगभर गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली, याचा फायदा मुंबई बंदर आणि न्हावा-शेवा परिसराला होतो.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनला पाच दिवस कोळशाचा धूर आणि हाच वायू धुक्यात कोंडला गेला आणि हजारो माणसं दगावली. तिथला स्वच्छ हवेचा कायदा १९५६ चा आहे, तो त्या पाच दिवसांमुळे आला.

नायट्रोजन डायऑक्साइड म्हणजे गाड्यांचाच धूर ना?

शहरात बव्हंशी तसंच. गंमत अशी की यातला नायट्रोजन इंधनातला कमी आणि हवेतलाच जास्त असतो. इंजिनात किंवा भट्टीत तापमान फार वाढलं की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांशी जुळतात. त्यामुळे इंधन कितीही शुद्ध असलं, अगदी सीएनजी असलं, तरी हा वायू थोडाफार तयार होतोच. डिझेल ट्रक, बस आणि जनरेटर यांचा वाटा मोठा. रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आत गेलं की त्याचं प्रमाण झपाट्याने उतरतं. शाळेचं फाटक हमरस्त्यावर ठेवावं की मागच्या गल्लीत, हे ठरवताना ही एवढी माहिती पुरेशी आहे.

ओझोन तर आपलं रक्षण करतो. मग तो प्रदूषक कसा?

वरचा ओझोन जमिनीपासून १५ ते ३५ किलोमीटरवर असतो आणि अतिनील किरणं अडवतो. जमिनीलगत आपण श्वासातून घेतो तो ओझोन मात्र श्वसनमार्गाला जाळतो: खोकला येतो, छाती भरते, दमा उसळतो. रेणू एकच, जागा वेगळी.

तो कुठल्याही धुराड्यातून निघत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडं आणि पेट्रोल, रंग, थिनर यांची वाफ यांच्यावर कडक ऊन पडलं की तो हवेतच तयार होतो. म्हणून त्याचा आकडा दुपारी एक ते चारच्या दरम्यान चढतो आणि मार्च ते मे या महिन्यांत जास्त असतो. गर्दीच्या चौकात तो अनेकदा कमी सापडतो, कारण गाड्यांतून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. शहराबाहेर, वाऱ्याच्या दिशेला असलेल्या उपनगरात आणि शेतांवर तो वाढतो. गहू आणि सोयाबीन ही पिकं त्याला विशेष संवेदनशील आहेत, पानांवर ठिपके पडतात आणि दाणा कमी भरतो. ओझोनची चर्चा आपल्याकडे फार कमी होते. निर्देशांक आपण हिवाळ्यात बघतो आणि ओझोन उन्हाळ्यात येतो, हे त्याचं मोठं कारण असावं.

कार्बन मोनॉक्साइडची भीती कुठे बाळगायची?

बंद जागेत. बाहेरच्या हवेत त्याची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला दर घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे. घरात त्याचा धोका वेगळ्याच पातळीचा आहे. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू ठेवला की ऑक्सिजन कमी पडतो, ज्वलन अर्धवट होतं आणि हा वायू साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणसाला गुंगी येते आणि दार उघडायचं भान राहत नाही. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या जागेत बसवावा. थंडीत बंद खोलीत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपू नये. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

शिसं, बेंझीन वगैरे?

२००० सालापासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं आणि हवेतलं शिसं उतरलं. आता ते मुख्यतः जुन्या बॅटऱ्या वितळवण्याच्या ठिकाणी सापडतं. बेंझीन पेट्रोलच्या वाफेत असतं, म्हणून पंपाजवळ. बेंझो-ए-पायरीन लाकूड, कोळसा आणि कचरा अर्धवट जळताना निघतं. निकेल आणि आर्सेनिक कोळसा, जड तेल आणि धातू वितळवण्याच्या कामातून येतात. अमोनिया युरिया, जनावरांचं शेणमूत्र आणि सांडपाणी यांतून, शिवाय खत कारखान्यांतून.

मुंबईला समुद्र आहे. मग मुंबईची हवा का बिघडते?

समुद्रामुळे मुंबई वाचते, पण ते वाऱ्याच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे जातात. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोर असतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर हवा धुऊन निघते. ऑक्टोबरात मान्सून परतला की वारे मंदावतात. थंडीत जमीन रात्री लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते, वर उबदार थर बसतो, आणि खालची हवा वर जाऊ शकत नाही. त्या काळात समुद्राचे वारे उशिरा सुरू झाले किंवा मंद पडले की शहरात निघालेलं सगळं शहरातच राहतं. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा सलग खराब राहिली, तेव्हा ला निनामुळे (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड पडण्याच्या स्थितीमुळे) बदललेले वारे हे कारण शास्त्रज्ञांनी पुढे ठेवलं होतं.

पण वारा प्रदूषण निर्माण करत नाही, तो फक्त वाहून नेतो किंवा नेत नाही. निर्माण होतं ते इथेच: पुनर्विकासाची शेकडो कामं, मेट्रो आणि रस्त्यांची खोदाई, राडारोडा वाहणारे उघडे डंपर, माहुल-चेंबूर पट्ट्यातले तेलशुद्धीकरण आणि खताचे कारखाने, लाकडावर चालणाऱ्या पावाच्या भट्ट्या, देवनारची कचराभूमी. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत होती. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियम काढले: ७० मीटरहून उंच इमारतींच्या कामाभोवती ३५ फूट उंच पत्रे, पाडकाम करताना पाण्याची फवारणी, डंपरवर ताडपत्री. नियम चांगले आहेत. तुमच्या गल्लीतलं काम ते पाळतं की नाही, हे रस्त्यावर उभं राहून दोन मिनिटांत कळतं.

आमच्या तालुक्याला एकही मोठा कारखाना नाही. आमची हवा चांगलीच असणार ना?

नेहमीच नाही. ऊसपट्ट्यात तोडणीनंतर पाचट पेटवतात, हंगामात संध्याकाळी धुराचे थर दिसतात. वीटभट्ट्या, गुऱ्हाळं, खडी क्रशर, गावाबाहेर जळणारा कचरा हे सगळं ग्रामीणच आहे. आणि चूल. बंद स्वयंपाकघरात लाकूड-गोवऱ्यांवर रांधताना पीएम २.५ चं प्रमाण शहरातल्या वाईट दिवसापेक्षा कितीतरी वर जातं, आणि ते सोसतात बायका आणि त्यांच्या कडेवरची मुलं. उज्ज्वला योजनेतून २०१६ पासून सिलिंडर आले, पण तो पुन्हा भरून घेणं परवडलं नाही की चूल परत पेटते. गावात केंद्र नसल्याने यातलं काहीच निर्देशांकात येत नाही.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला, त्यात मानकं न गाठणाऱ्या शहरांची यादी आहे. महाराष्ट्रातली १९ शहरं त्यात आहेत, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर यांच्याबरोबर अकोला, अमरावती, जालना, लातूर, सांगली, सोलापूर, बदलापूरही आहेत. जालन्यात लोखंडाच्या सळ्यांचे कारखाने आहेत, चंद्रपूरला कोळसा खाणी आणि वीज केंद्र. गोव्यात वास्कोच्या रहिवाशांचा मुरगाव बंदरावरच्या कोळशाच्या भुकटीविरुद्ध वर्षानुवर्षं लढा चालू आहे. उगम प्रत्येक ठिकाणी वेगळा असल्याने मुंबईचा उपाय जालन्याला लावून भागत नाही.

यंत्र हवेतले कण मोजतं म्हणजे करतं काय?

सर्वांत जुनी आणि अजूनही पाया मानली जाणारी पद्धत म्हणजे वजन करणं. कोरा फिल्टर ठरावीक तापमान आणि आर्द्रतेच्या खोलीत ठेवून तोलतात. मग पंपाने त्यातून हवा ओढतात आणि फिल्टर पुन्हा तोलतात. वाढलेलं वजन भागिले ओढलेल्या हवेचं घनफळ, की झाला आकडा. पीएम १० साठीचं यंत्र मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा ओढतं, म्हणजे चोवीस तासांत १,५८४ घनमीटर. आठ-आठ तासांनी बदललेल्या फिल्टरवर मिळून ०.१९ ग्रॅम धूळ जमली, तर पीएम १० झाले दर घनमीटरला १२० मायक्रोग्रॅम. दिवसाची मर्यादा १०० आहे.

पीएम २.५ चं काम जास्त नाजूक. ते यंत्र तासाला एकच घनमीटर हवा घेतं. दिवसाच्या मर्यादेइतके, म्हणजे ६० मायक्रोग्रॅम कण असले, तरी चोवीस तासांत फिल्टरवर दीड मिलिग्रॅमसुद्धा जमत नाही. एवढंसं वजन पकडायला खास सूक्ष्म तराजू लागतो, आणि फिल्टरला बोट लागलं तरी मोजणी वाया जाते.

स्वयंचलित केंद्रांत माणूस फिल्टर बदलत नाही. कागदाच्या फितीवर तासभर कण जमतात, फितीच्या एका बाजूने बीटा किरणं सोडतात आणि दुसऱ्या बाजूला किती पोहोचली ते बघतात. कण जास्त तितकी किरणं कमी. वायूंचं तंत्र वेगळं: सल्फर डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश टाकला की तो चमकतो, नायट्रिक ऑक्साइड ओझोनशी भेटला की प्रकाश देतो, ओझोन अतिनील प्रकाश शोषतो, कार्बन मोनॉक्साइड अवरक्त. जुन्या हाताच्या पद्धतीत हवा बुडबुड्यांनी द्रावणातून सोडतात आणि द्रावणावर चढलेल्या रंगावरून वायूचं प्रमाण काढतात.

यातलं कुठलंही यंत्र आपोआप बरोबर राहत नाही. प्रमाण माहीत असलेला वायू सिलिंडरमधून सोडून ते वेळोवेळी ताळ्यावर आणावं लागतं. केंद्र उभारताना फीत कापायला सगळे येतात, त्याच्या देखभालीची तरतूद मात्र दरवर्षी करावी लागते. माझ्या मते या विषयातली सर्वांत दुर्लक्षित बाब हीच आहे.

काही केंद्रांवर आठवड्यातून दोनदाच मोजतात असं ऐकलं. तेवढ्याने काय कळणार?

हातमोजणीच्या केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला किमान १०४ नोंदी असा नियम आहे. वर्षाची सरासरी आणि वर्षानुवर्षांचा कल काढायला त्या पुरेशा आहेत. आज संध्याकाळी मुलाला मैदानावर पाठवू का, याचं उत्तर त्यांतून मिळत नाही. त्यासाठी दर तासाला आकडा देणारं स्वयंचलित केंद्र लागतं.

निर्देशांक काढतात कसा?

भारताचा हवा गुणवत्ता निर्देशांक एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाला. त्यात आठ प्रदूषक धरतात. प्रत्येकाचा आकडा ० ते ५०० च्या पट्टीवर बसवतात आणि त्यांतला सर्वांत मोठा तोच त्या ठिकाणचा निर्देशांक. सरासरी काढत नाहीत, हे महत्त्वाचं.

समजा चोवीस तासांची सरासरी पीएम २.५ ची ७५, पीएम १० ची १४० आणि नायट्रोजन डायऑक्साइडची ५२ आली. पीएम २.५ चा ६१ ते ९० हा पट्टा १०१ ते २०० वर बसतो, त्यात ७५ चे होतात साधारण १४९. पीएम १० चे होतात १२७, नायट्रोजन डायऑक्साइडचे ६५. निर्देशांक जाहीर होतो १४९ आणि शेजारी ‘पीएम २.५’ असं लिहिलेलं असतं. किमान तीन प्रदूषकांची मोजणी हवी, त्यांत दोन्हींपैकी एक धूलिकण हवेच, आणि चोवीसपैकी किमान सोळा तासांच्या नोंदी हव्यात. नाहीतर निर्देशांक देत नाहीत.

५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट, त्यापुढे गंभीर. ‘मध्यम’ या नावाने निश्चिंत होऊ नका. १४९ च्या दिवशी पीएम २.५ आपल्याच मानकाच्या वर असतात.

दोन ॲप एकाच जागेचे वेगळे आकडे का दाखवतात? खोटं कोण बोलतं?

बहुतेक वेळा कोणीच नाही. पहिलं कारण पट्टीचं. पीएम २.५ ६० असतील तर भारतीय पट्टीवर निर्देशांक १०० येतो, अमेरिकेच्या २०२४ पासूनच्या पट्टीवर तोच १५४ च्या आसपास. हवा तीच. परदेशी ॲप बहुधा अमेरिकेची पट्टी वापरतात.

दुसरं कारण वेळेचं. केंद्रीय मंडळाच्या ‘समीर’ ॲपवरचा निर्देशांक गेल्या चोवीस तासांच्या सरासरीवर असतो, दुसरं ॲप कदाचित या तासाचा दाखवत असेल. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अकराला हा फरक प्रचंड असतो. तिसरं, एक आकडा प्रमाणित केंद्राचा असेल आणि दुसरा कुणाच्या तरी गॅलरीतल्या छोट्या सेन्सरचा. चौथं, काही ॲप केंद्र नसलेल्या जागी उपग्रह आणि संगणकीय प्रारूपावरून अंदाज दाखवतात आणि तो मोजल्यासारखाच दिसतो. शिवाय भारतीय पट्टी ५०० ला थांबते, म्हणून ९०० चा स्क्रीनशॉट आला तर तो आपल्या पट्टीचा नाही.

यावर उपाय साधा आहे: निर्देशांक सोडा आणि मायक्रोग्रॅमचा आकडा बघा. त्याला देशागणिक पट्टी नसते.

घरी छोटं यंत्र घेऊन ठेवावं का?

घ्यायला हरकत नाही, फक्त त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते माहीत असावं. त्यात लेझरचा प्रकाश कणांवर पडून किती विखुरतो यावरून वजनाचा अंदाज बांधतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, प्रकाश जास्त विखुरतो आणि यंत्र वाढीव आकडा देतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे ठळक दिसतं. पीएम १० बद्दल तर ही यंत्रं विशेष कच्ची आहेत आणि वायूंबद्दल बहुतेक काहीच सांगत नाहीत.

तुलना करायला मात्र ती उत्तम आहेत. फोडणी देताना आकडा किती चढतो, पंखा लावला की किती वेळात उतरतो, डासांची कॉइल किंवा उदबत्ती बंद खोलीत काय करते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की घरातली माणसं आपणहून खिडकी उघडतात.

केंद्र बागेत बसवलं तर आकडा कमी येणारच. हे बरोबर आहे का?

शंका रास्त आहे. हवा आत घेणारं तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर असावं आणि भोवती झाडं-भिंतींचा अडथळा नसावा असा संकेत आहे. निवासी भागाचं केंद्र चौकात बसवलं तर ते चौकाचंच सांगेल, आणि चौकाचं केंद्र बागेत बसवलं तर बागेचं. दोन्ही प्रकारची केंद्रं हवीत आणि प्रत्येकावर ते कशाचं आहे हे लिहिलेलं हवं. केंद्राच्या आसपासच रस्त्यावर पाणी मारलं तर केंद्राचा आकडा सुधारतो, शहराची हवा तशीच राहते.

उपग्रहावरून सगळं मोजता येत नाही का?

उपग्रह वरून खालपर्यंतच्या पूर्ण हवेच्या स्तंभाचा अंदाज देतो, नाकाशी असलेल्या हवेचा थेट आकडा देत नाही, आणि ढग असले की आंधळा होतो. पण २०१७ पासून फिरत असलेल्या युरोपीय सेंटिनेल-५पी उपग्रहाच्या नकाशांत वीज केंद्रांवरचा नायट्रोजन डायऑक्साइड स्पष्ट उमटतो. पुण्याच्या पाषाणमधली भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था ‘सफर’ ही सेवा चालवते. ती २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी सुरू झाली, पुढे पुणे आणि मुंबईत आली. ती पुढच्या काही दिवसांच्या हवेचा अंदाजही देते.

जागतिक मानकं आणि आपली मानकं यांत किती अंतर आहे?

पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा आपल्याकडे ४०, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीत ५. दिवसाची आपली ६०, त्यांची १५. नायट्रोजन डायऑक्साइड वर्षाला आपल्याकडे ४०, त्यांच्याकडे १०. ओझोनची आठ तासांची मर्यादा दोन्हीकडे १०० आहे. आपली मानकं २००९ ची आहेत आणि तेव्हापासून वैद्यकीय पुरावा बराच पुढे गेला आहे. धूळ जास्त असलेल्या कोरड्या देशाला ५ गाठणं अवघड आहे हे मान्य, पण मर्यादेखालचा आकडा म्हणजे सुरक्षित आकडा असं समजू नये.

मास्क, प्युरिफायर यांचा उपयोग होतो?

एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तर कण अडवतो, वायू अडवत नाही. रुमाल आणि ओढणी बारीक कणांपुढे निरुपयोगी. प्युरिफायर खोलीच्या मापाचा आणि हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचा) असेल, दारं-खिडक्या बंद असतील आणि फिल्टर वेळेवर बदलला जात असेल, तर खोलीतले कण कमी होतात. ज्या घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हं बाळ आहे तिथे वाईट महिन्यांत त्याचा विचार जरूर करावा.

सकाळी फिरायला किती वाजता जावं?

हिवाळ्यात पहाटे जाऊ नये. रात्रभर खाली कोंडलेली हवा सूर्य वर येऊन जमीन तापेपर्यंत तशीच राहते, त्यात आठ-नऊला रस्त्यावरची गर्दी भर घालते. जमत असेल तर उशिरा सकाळी किंवा चार-पाचच्या सुमारास, हमरस्ता टाळून. उन्हाळ्यात उलट: ओझोनमुळे दुपार टाळा, पहाट चांगली. आपल्या जवळच्या केंद्राचा तासागणिक आलेख एक आठवडा बघितला की आपल्या भागाची वेळ आपल्याला कळते.

आमच्याजवळ रोज काहीतरी जाळतात किंवा धूळ उडवतात. तक्रार कुठे आणि कशी करायची?

कारखाना, क्रशर, वीटभट्टी, रेडीमिक्स काँक्रीटचा प्रकल्प असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. १९८१ च्या हवा कायद्याच्या कलम ३१-अ खाली मंडळ प्रकल्प बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकतं. बांधकाम आणि कचरा जाळणं यासाठी महापालिकेचं विभाग कार्यालय किंवा नगरपरिषद. उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये ठरवली आहे, अर्जात त्याचा उल्लेख करावा.

‘प्रदूषण होतं’ एवढंच लिहिलं तर अधिकारी दुपारी येऊन काही दिसलं नाही असं लिहून जातो. आठ-दहा दिवसांची वही ठेवा: तारीख, सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, वारा कुठून कुठे, धुराचा रंग, वास, वेळेसह फोटो. जवळच्या केंद्राचे त्याच तासांचे पीएम १० आणि पीएम २.५ चे आकडे शेजारच्या रकान्यात उतरवा. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि महिनाभरात उत्तर आलं नाही तर त्याच क्रमांकावर माहिती अधिकारात पाहणीचा अहवाल मागा.